पिशवी काढली, प्रश्न राहिला

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. साखरधंद्याच्या परिभाषेत ती माणसे नसतात, कोयते असतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, खाडा पडला तर दंड बसतो तो कोयत्याला, आणि हंगाम संपल्यावर जो हिशेब फिटतो किंवा पुढच्या सालावर चढतो, तोही कोयत्याचाच. या हिशेबात बाई स्वतंत्रपणे कोठेच नाही. जिच्या श्रमाचीच स्वतंत्र नोंद नाही, तिच्या शरीराच्या झिजेची नोंद कोण ठेवणार?

ही झीज केवळ कमरेची आणि गुडघ्यांची नाही. पाळी जाण्याच्या वयात आणि त्यानंतर स्त्रीच्या शरीरात जे बदल होतात, त्यांतून उद्भवणाऱ्या एका दुखण्याचा उच्चार घरात होत नाही, दवाखान्यात क्वचितच होतो, आणि परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या पक्षाच्या शिबिरांत तर मुळीच होत नाही. योनिमार्ग कोरडा पडणे, त्याचे अस्तर पातळ होऊन तेथे आग होणे, संबंधाच्या वेळी असह्य दुखणे आणि लघवीला वारंवार उन्हाळी लागणे, असे या दुखण्याचे स्वरूप. ते सांगावयाचे कोणाला, हा स्त्रियांपुढचा प्रश्न. आणि ते ऐकावयाचे कशाला, हा समाजाचा पवित्रा. या मौनाची किंमत गरीब स्त्री कर्ज काढून आणि कधी कधी शरीराचा अवयव देऊन चुकती करते. या मौनावर एक बाजार उभा आहे, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

दुखणे काय आहे?

स्त्रीच्या बीजकोशांतून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक स्रवते. योनिमार्गाचे अस्तर जाड, ओलसर आणि लवचीक राहते ते याच संप्रेरकाच्या बळावर. तेथे उपकारक जंतूंची वस्ती असते. ते आम्लता टिकवून धरतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन ओसरू लागते. भारतात सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास पाळी कायमची थांबते. संप्रेरक आटले की अस्तर पातळ व कोरडे होते, रक्तपुरवठा घटतो, आम्लता कमी होते, उपकारक जंतूंची जागा दुसरे जंतू घेतात. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्या पेशीही याच संप्रेरकावर पोसलेल्या असल्यामुळे त्यांचीही तीच गत होते.

मग खाज, जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, प्रसंगी थोडे रक्त जाणे, लघवीची घाई, लघवी करताना आग, पुन:पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा दाह अशी लक्षणे एकामागून एक दिसू लागतात. डॉक्टर याला योनिमार्गाचा शोष म्हणत. हा विकार योनिमार्गापुरता नाही, मूत्रमार्गाचाही आहे, हे ध्यानात घेऊन २०१४ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय वैद्यक संस्थांनी दोहोंच्या लक्षणांना मिळून एक व्यापक नाव दिले. पाळी गेलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. अंगातून वाफा निघणे, दरदरून घाम येणे ही पाळी जातानाची लक्षणे बहुधा काही वर्षांत ओसरतात. शोषाचे तसे नाही. तो आपोआप बरा होत नाही. उपचार न केल्यास वाढत जातो.

आणि उपचार आहे. तो दुर्मीळ नाही, महागही नाही. साध्या त्रासाला ओलावा टिकवणारी मलमे पुरतात. अधिक त्रासाला योनिमार्गात लावावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम किंवा गोळी मिळते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर पोटातून घ्यावयाच्या संप्रेरकांविषयी जगभर धास्ती पसरली. ती धास्ती या मलमालाही चिकटली. वास्तविक त्यातील औषध रक्तात अत्यल्प उतरते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ते वापरू नये, एवढे पथ्य पाळावयाचे. मलमाची नळी काहीशे रुपयांना येते. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र मलमावर न थांबता ताबडतोब तपासणी करून घेतली पाहिजे. कारण ती कर्करोगाची खूण असू शकते. एवढे ज्ञान प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका अर्ध्या तासात गावातल्या बायांना देऊ शकते. ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती दुसरीच गोष्ट.

बीडचा आकडा

एप्रिल २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांची बातमी वृत्तपत्रांतून बाहेर आली आणि राज्याला क्षणभर धक्का बसला. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले, की तीन वर्षांत त्या एका जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचे हेच प्रमाण १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत एक नसतील, म्हणून त्यांचे काटेकोर गुणोत्तर मांडू नये. तरीही सुमारे तीन टक्के आणि सुमारे सतरा टक्के यांतील अंतर केवळ वयाच्या फरकाने किंवा निसर्गाच्या लहरीने पडत नाही. त्यामागे व्यवस्था असते.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी ऊसतोडीचा दिवस पाहावा. पहाटे चारला उठावयाचे, स्वयंपाक करून फडात जावयाचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून वाहावयाच्या, आणि रात्री गाडी भरावयाची वेळ आली तर तेव्हाही उभे राहावयाचे. कोपीवर न्हाणी नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही. आडोसा मिळत नाही म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. पाळीच्या दिवसांत तोच कपडा अर्धवट वाळलेला पुन्हा वापरते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, उन्हाळी लागणे हे सारे या जीवनातून अपरिहार्यपणे येते. त्यांतील बहुतेक तक्रारी गोळ्यांनी आणि स्वच्छतेने बऱ्या होणाऱ्या. पण पाळीपायी एक दिवस बसले तर खाडा. आणि खाड्याला पाचशे रुपये दंड आकारला जात असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

अशी स्त्री खाजगी दवाखान्यात जाते. तेथे तिला सांगितले जाते, की पिशवी खराब झाली आहे, सुजली आहे, पुढे कर्करोग होईल. दोन-तीन मुले झालेली आहेत, मग आता पिशवीचा उपयोग काय? पैसे नसतात, मुकादम उचल वाढवून देतो. तिशी-पस्तिशीतली स्त्री गर्भाशय गमावून आणि कर्ज कमावून घरी येते. ते कर्ज फेडण्यासाठी पुढच्या हंगामात तिला पुन्हा फडातच उभे राहावयाचे असते.

येथे आरंभी वर्णिलेल्या दुखण्याचा संबंध येतो. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. जो बदल निसर्ग चाळिशीनंतर सावकाश, काही वर्षे घेऊन घडवतो, तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका तासात घडतो, आणि म्हणून त्याची तीव्रताही अधिक असते. बीजकोश ठेवले तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या बीजकोशांचे कार्य इतर स्त्रियांपेक्षा लवकर मंदावण्याचा संभव असतो. तेव्हा जी स्त्री आग होते, दुखते, उन्हाळी लागते म्हणून दवाखान्यात गेली होती, तिला शस्त्रक्रियेनंतर तेच त्रास निराळ्या कारणाने आणि आता जन्मभरासाठी जडण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गमावलेल्या स्त्रीला, अन्य अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरकांचा उपचार द्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. फडातल्या स्त्रीला हे सांगावयास कोण जाते? पिशवी काढणाऱ्याचा हिशेब टाके काढल्यावर संपलेला असतो. पिशवी गेली, प्रश्न राहिला, आणि वाढून राहिला.

मागणी कोण निर्माण करतो?

यावर ठरलेले उत्तर येते: “बायकाच येऊन पिशवी काढा म्हणतात. आम्ही काय करावे?” हे उत्तर सपशेल खोटे आहे असे नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. पुष्कळ स्त्रिया खरोखरच तशी मागणी करतात. पाळीची कटकट गेली, खाडा गेला, कर्करोगाची भीती गेली, असा त्यांचा हिशेब असतो.

पण अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो, की मागणी पोकळीत जन्मत नाही. ग्राहकाला माहिती नाही, विक्रेत्याला आहे. ग्राहकाला पर्याय नाही, विक्रेत्याला घाई आहे. ग्राहक कर्जात आहे आणि त्याच्या मजुरीवर दंडाची टांगती तलवार आहे. अशा स्थितीतील होकाराला स्वेच्छा म्हणणे म्हणजे सावकाराच्या वहीतील अंगठ्याला करारस्वातंत्र्य म्हणण्यासारखे आहे. ज्या स्त्रीला पांढरे जाणे औषधाने बरे होते हे ठाऊक नाही, पाळी कोणत्या वयात जाते आणि ती जाताना काय काय होते हे ठाऊक नाही, गर्भाशय आणि बीजकोश यांतला भेद ठाऊक नाही, ती निवड करते असे म्हणता येत नाही. तिचे अज्ञान ही या धंद्याची भांडवली गुंतवणूक आहे, आणि आपण सर्वांनी पाळलेले मौन हे त्या भांडवलावरील व्याज आहे.

कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी गर्भाशय काढावे लागते आणि त्यातून जीव वाचतात, हे कोणी नाकारीत नाही. विरोध शस्त्रक्रियेला नाही. गोळीने बऱ्या होणाऱ्या तक्रारीवर सुरी चालवण्याला आहे. हा प्रकार एकट्या बीडचा नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. बीडमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम झाला. नियम चांगला आहे. पण बीडची हद्द ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास एसटीचे एक तिकीट पुरते.

सहकाराच्या जिल्ह्याची जबाबदारी

२०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, तो हा नगर जिल्हा सहकाराची जन्मभूमी म्हणून मिरवतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकरी मालक झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण सत्तर वर्षे लोटल्यावर विचारले पाहिजे, की ऊस पिकवणारा सभासद झाला, मग ऊस तोडणारी कोण झाली? जिल्ह्याच्या उत्तरेला भंडारदऱ्याचे पाणी, पाटाखालचा ऊस आणि कारखान्यांची धुराडी. दक्षिणेला आणि पूर्वेला पर्जन्यछायेतली कोरडवाहू जमीन आणि घराघरात कोयता. एकाच जिल्ह्याच्या पोटात मालकी आणि मजुरी अशी वाटली गेली आहे. नेत्यांनी कारखान्यांच्या आधारे शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये, वैद्यकीय महाविद्यालयेही उभारली. ज्या उसाच्या पैशातून हे वैभव आले, तो तोडणारी स्त्री मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. “ती आमची कामगार नव्हे, मुकादमाची माणसे आहेत,” असे उत्तर मिळते. मुकादम म्हणतो, “मी नुसता मधला माणूस.” म्हणजे काम आहे, साखर आहे, नफा आहे; मालक तेवढा सापडत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यावयाचे ठरले. राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला गेला तर या दराने शंभर कोटी रुपये होतात. यातला किती पैसा पाळी गेलेल्या किंवा पिशवी काढलेल्या स्त्रीच्या तपासणीवर आणि औषधावर खर्च झाला, हा प्रश्न तालुक्या-तालुक्यातून विचारला गेला पाहिजे.

शासनाची दृष्टीही साखर कारखान्याहून फार निराळी नाही. स्त्रीच्या आरोग्याची आपली सगळी यंत्रणा गर्भारपण, बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांभोवती बांधलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रीला प्रश्न विचारले जातात ते १५ ते ४९ या वयात. पन्नाशी ओलांडली की ती त्या प्रश्नावलीतून गळते. मूल होण्याचे वय संपले की राज्याचा तिच्यातील रस संपतो, आणि ऊस तोडण्याची ताकद संपली की कारखान्याचा. मधल्या काळात तिचे शरीर कोणाच्या ना कोणाच्या कामाचे; उरलेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते केवळ तिचे स्वतःचे, आणि म्हणून बेदखल.

दोन बाजार

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. पाळी जाणे हा रोग नाही. तो रोग ठरवून त्यावर नफा कमावण्याचे उद्योगही जगाने पाहिले आहेत. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पाळी गेलेल्या प्रत्येक स्त्रीने इस्ट्रोजेन घेऊन चिरतरुण राहावे, असा प्रचार करणारे पुस्तक लिहिले. ते भरमसाट खपले, आणि त्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढे उघड झाले. अलीकडे महानगरांतील झगमगीत दवाखाने योनिमार्गाला लेसरने तारुण्य बहाल करण्याची जाहिरात करतात. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उपचारांची सुरक्षितता व उपयुक्तता सिद्ध झालेली नाही आणि त्यांतून भाजणे, व्रण व वेदना उद्भवू शकतात, असा जाहीर इशारा दिला होता.

श्रीमंत स्त्रीला तारुण्य विकावयाचे आणि गरीब स्त्रीची पिशवी काढावयाची, असे हे दोन बाजार आहेत. दोन्हींचे भांडवल एकच: स्त्रीला आपल्या शरीराविषयी वाटणारी लाज आणि भीती. यावर उतारा म्हणजे खरे, साधे आणि विनामूल्य ज्ञान, आणि त्याच्या जोडीला गरजेपुरते स्वस्त औषध.

हा खासगी प्रश्न आहे काय?

पक्षातील काही ज्येष्ठ साथी म्हणतील, की हमीभाव, बेरोजगारी, जातीयवाद असे प्रश्न पुढ्यात असताना पक्षाच्या साप्ताहिकाने योनिमार्गाच्या कोरडेपणाची चर्चा करावी काय? हा डॉक्टरांचा विषय, फार तर महिला आघाडीचा. त्याचे जाहीर लेखन अभिरुचीला धरून नाही.

या साथींनी आपल्याच परंपरेचे स्मरण करावे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राममनोहर लोहियांनी खेड्यातील स्त्रियांना शौचालय नसणे आणि चुलीच्या धुराने त्यांचे डोळे जाणे हे राजकारणाचे प्रश्न म्हणून मांडले, तेव्हाही दिल्लीतील प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. मृणाल गोरे यांनी नळाच्या पाण्याला राजकारणात आणले. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईतल्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघर हे खासगी स्थान राहिले नाही. ज्या दुःखाचे कारण खाड्याचा दंड, नसलेले शौचालय, बेलगाम खाजगी वैद्यक आणि शासनाची उदासीनता हे आहे, ते दुःख खासगी कसे? आणि अभिरुची जपावयाचीच असेल, तर १३,८६१ या आकड्याने ती अधिक दुखावली पाहिजे.

आणखी एक बाब स्पष्ट बोलली पाहिजे. शोषामुळे दुखते म्हणून नवऱ्याला नकार देणारी स्त्री मार खाते, “आता तिच्यात काय राहिले” असे टोमणे ऐकते. पुष्कळदा तिलाही वाटते, की दोष आपलाच. पिशवी काढलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे पस्तिशीतच येते. पुरुष कार्यकर्त्यांनी हे शब्द स्वतःच्या घरातही ऐकले असतील. म्हणून हे ज्ञान केवळ बायकांच्या बैठकीत द्यावयाचे नाही. ते पुरुषांना अधिक अगत्याने दिले पाहिजे. दुखणे शरीराचे आहे, मनाच्या विटण्याचे नाही, एवढे समजले तरी कित्येक घरांतली रात्र सुसह्य होईल.

जामखेडचा धडा

हे सारे खेड्यातील निरक्षर बायांना समजणार नाही, हा आक्षेप तर नगर जिल्ह्यात कोणी काढूच नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या सामान्य, बहुतांश निरक्षर, त्यांतही दलित आणि परित्यक्ता अशा स्त्रियांना निवडून आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्यांना गावाने मान दिला नव्हता, त्या स्त्रियांनी बाळंतपणे सुखरूप केली, कुपोषण हटवले, कुष्ठरोगाची भीती घालवली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडची पद्धत शिकावयास देशोदेशीचे लोक आले. शरीराचे ज्ञान डॉक्टरांच्या कपाटातून काढून गावातल्या बाईच्या हाती दिले तर काय घडते, याचा पुरावा याच जिल्ह्याच्या मातीत आहे. जामखेड हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तालुका असावा आणि तेथे हा पुरावाही असावा, यावरून काही बोध घेण्याची बुद्धी राज्यकर्त्यांना होत नसेल, तर पक्षाने घ्यावा.

काय करावयाचे?

मागण्या अस्पष्ट राहिल्या की शासनाला आश्वासने देणे सोपे जाते. म्हणून त्या नेमक्या असाव्यात.

पहिली मागणी मोजणीची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतील ऊसतोड स्त्रियांची बीडच्या धर्तीवर पाहणी व्हावी. किती जणींची गर्भाशये काढली, कोणत्या वयात, बीजकोशांसह की त्यांवाचून, हे गावनिहाय प्रसिद्ध व्हावे.

दुसरी, चाळिशीच्या आतील कोणत्याही स्त्रीचे गर्भाशय तातडीच्या कारणावाचून काढावयाचे तर दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मत सक्तीचे असावे, आणि ते सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळावे.

तिसरी, प्रत्येक उपकेंद्रात पाळी जाण्याच्या वयातील आणि पिशवी काढलेल्या स्त्रियांसाठी ठरलेला दिवस असावा; गर्भाशयमुखाची तपासणी, मूत्रपरीक्षा आणि योनिमार्गाचे मलम तेथे मोफत असावे. आशासेविकेला या कामाचे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळावा. बिनपैशाचे आणखी एक ओझे नको.

चौथी, कारखान्याने फडाजवळ शौचालय, न्हाणी आणि पाणी पुरवल्याखेरीज त्याला गाळपाचा परवाना मिळू नये. आणि पाळीच्या वा आजाराच्या खाड्याचा दंड बेकायदा ठरवून मुकादमाबरोबर कारखान्यालाही जबाबदार धरावे. पाचवी, कोयता ही एककाची पद्धत मोडून स्त्रीच्या नावाने स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी तिच्या हाती पडावी. बाकीच्या मागण्यांचे मूळ या पाचवीत आहे.

पण शासनाकडे मागण्या करून पक्षाचे कर्तव्य संपत नाही. यंदा हंगाम आटोपून कोयते गावी परततील, तेव्हा पाथर्डी-शेवगावच्या वस्त्यांवर कार्यकर्त्यांनी एखाद्या परिचारिकेला बरोबर घेऊन जावे. सभा नको, भाषण नको. संध्याकाळी ओट्यावर बायांना एकत्र बसवून पाळी का जाते, नंतर आग का होते, पिशवी केव्हा काढावी आणि केव्हा मुळीच काढू नये, एवढे सांगावे आणि मुख्यतः त्यांचे ऐकावे. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या खेपेला एखादी म्हातारी तोंडाला पदर लावून बोलू लागेल, आणि मग इतर बोलतील. ऊसतोड स्त्रियांची संघटना बांधावयाची तर आरंभ तेथूनच होईल. जो पक्ष त्यांच्या वेदनेचे नाव घ्यावयास लाजतो, त्याच्या झेंड्याखाली त्यांनी का यावे?